तीस टक्के

सेकंडहँड घेतली,
कॉलेज रोडच्या एका दातांच्या डॉक्टरकडून,
ज्यांची पाठ गेली होती.
घरी किंमत सांगताना
मी एक शून्य गाळलं.
तरी सासूबाई म्हणाल्याच,
एवढ्यात स्कूटीचं डाउनपेमेंट झालं असतं.

सिडको, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पंधरा किलो खांद्यावर घेऊन उतरते
तेव्हा वॉचमन कुंवरकाका न चुकता विचारतात,
"मॅडम, ॲव्हरेज काय देते?"
दोन केळ्यांत म्हसरूळ, काका.

अंबडला मी गेज घेऊन बसते.
शतांश मिलिमीटरवरून
वडिलांच्या वयाच्या माणसांशी भांडते.
म्हटलं, हिचं माप मला काय अवघड.

हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवायचं,
भिंतीला कोपर टेकवून सीटवर बसायचं,
शॉकवरची रबरी रिंग वर सरकवायची
आणि श्वास रोखून उतरायचं.
रिंग राहते तिथं आपण.
बाथरूममधल्या काट्याहून खरं.

"तीस टक्के दबली पाहिजे," तन्वीर म्हणाला,
"नुसतं बसल्यावरच."
मला पटेना.
आमच्याकडे एवढं दबलं तर पीस लाल डब्यात.
"ताई, दगडासाठी नाही ते, खड्ड्यासाठी आहे.
आधीच सगळी ताठ उभी राहिली
तर चाक खाली पोचणार कसं?"

हे वाक्य मी आठवडाभर
डब्यातल्या भाजीसारखं इकडून तिकडे नेलं.

चामर लेणीच्या मागं बकऱ्यांची एक वाट आहे.
मुरूम, मग काळा कातळ, मग करवंदीच्या जाळ्या.
नोव्हेंबर. सकाळचे साडेसहा. बोटं गार, नाक वाहतंय.
केतकी तिच्या साध्या सायकलवर माझ्यापुढे, माझ्याहून वेगात.
तिचे गुडघे अजून तिचे आहेत.
पहिली पायरी आली, मी दात आवळले
आणि धक्का आलाच नाही.
म्हणजे आला. खाली कुठेतरी येऊन गेला,
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवावी तसा.
दुसरी पायरी. तिसरी.
समोर रामशेजच्या माथ्यावर ऊन.
चौथ्या पायरीला मी फाजील झाले.

कोपराचं थोडं कातडं अजून तिथं असेल.
"शॉक मूर्खपणा शोषत नाही,"
तन्वीर औषध लावता लावता.

मग आवाज सुरू झाला.
प्रत्येक पॅडलला मागच्या सांध्यात कुर्र,
पाचशे रुपयांच्या सायकलीसारखा.
पार्ट बाहेरून येणार, दीड महिना.
जेवणाच्या सुट्टीत सोपान पगारांनी
ब्राँझच्या उरल्या तुकड्यातून लेथवर बुश काढून दिला.
मी मापला. हात सवयीचा.
दोन शतांश जास्त.
पगार हात पुसत माझ्याकडे बघत राहिले:
"करा आता रिजेक्ट."
मी तो खिशात टाकला. अजून टिकलाय.
बाभळीचे काटेही टायरमधलं दूध परस्पर मिटवतं,
मला घरी आल्यावर पांढरे ठिपके तेवढे दिसतात.

परवा रविवारी गॅलरीत धुत होते.
सासूबाई आल्या, सीटवर तळहात दाबून म्हणाल्या,
"मऊ आहे गं."
मग पदर खोचला.
मी हँडल धरलं, विश्वासनं मागून धरलं,
आणि त्या एकदाच्या बसल्या,
पाय अधांतरी, नजर समोरच्या पाण्याच्या टाकीवर.
उतरल्यावर मी रिंग पाहिली.
जेमतेम सतरा.
एवढ्याच आहेत त्या.

"हवा कमी करावी लागेल तुमच्यासाठी," मी म्हटलं.
"कर की," त्या म्हणाल्या. "आणि
खरी किंमत काय गं हिची?"

मी पंप शोधायला आत गेले.